ब्लाइंड्सची सफाई हा कौशल्याचा व्यवसाय आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कमी भांडवलात सुरू करता येणाऱ्या व्यवसायांची माहिती देताना खिडक्यांचे ब्लाइंड्स, म्हणजे आतून लावलेले पट्ट्यांचे किंवा गुंडाळायचे पडदे, साफ करून देण्याची सेवा हा पर्याय अलीकडे अनेकदा सुचवला जातो. नवी मुंबईत ब्लाइंड्स बसवण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि धुऊन देण्याचे काम करणारा कारागीर म्हणून मी या सूचनेचे मनापासून स्वागत करतो, कारण काम खरोखरच भरपूर आहे आणि ते नीट करणारी माणसे फार थोडी आहेत. मात्र एक व्हॅक्यूम क्लीनर, एक शिडी आणि हाताखाली दोन मुले एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहतो, असे जे सांगितले जाते त्याने नव्या मुलांचे आणि ग्राहकांचे दोघांचेही नुकसान होते. हे काम कापडाची, धातूची आणि आतल्या यंत्रणेची जाण मागणारे आहे. यंत्र विकत घेण्याआधी ही जाण यावी, आणि काम देणाऱ्या संस्थांनीही तिचे मोल वेगळे मोजावे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

ऐरोलीपासून घणसोली, महापे, तुर्भे असे करत बेलापूरपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या दोन-अडीच दशकांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. काचेतून ऊन सरळ आत येते, त्यामुळे पश्चिमेकडच्या खिडक्यांचे ब्लाइंड्स दुपारनंतर बंद करावेच लागतात आणि बहुतेक कार्यालयांत ते पुढे वर्षभर बंदच राहतात. रस्त्यांची आणि इमारतींची कामे अखंड चालू असल्याने बारीक धूळ दारे-खिडक्या बंद असतानाही आत शिरते. खाडीजवळची दमट हवा त्या धुळीला कोरडी राहू देत नाही, ती कापडाला चिकटून बसते. पावसाळ्यात एखादे कार्यालय चार दिवस बंद राहिले, वातानुकूलन थांबले, की भिंतीला टेकलेल्या पट्ट्यांच्या खालच्या टोकांवर काळसर बुरशीचे ठिपके दिसू लागतात. धुळीत वाढणारे जे सूक्ष्म कीटक दम्याचा आणि सर्दीचा त्रास वाढवतात, त्यांना दमट हवा मानवते. गादी-उशीइतके ते ब्लाइंड्सवर नसले तरी बंद खोलीत रोज सकाळी पट्ट्या फिरवल्या की साचलेली धूळ हवेत उडते, आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती दिवसभर श्वासावाटे घ्यावी लागते. फरशी रोज पुसली जाते, काच महिन्याला पुसली जाते, पण या दोहोंच्या मध्ये लटकणारी वस्तू कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. कार्यालयांत सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे उभ्या पट्ट्यांचा व्हर्टिकल ब्लाइंड. सहा फूट रुंदीच्या खिडकीला 100 मिलिमीटरच्या सुमारे 21 पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टी वर ट्रॅकमध्ये सरकणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या, म्हणजे रनरच्या, हुकात अडकवलेली असते, खाली कापडाच्या खिशात सपाट वजन असते, आणि सगळी वजने बारीक मण्यांच्या साखळीने एकमेकांना जोडलेली असतात. पट्टी काढण्यापूर्वी सर्व पट्ट्या खिडकीशी काटकोनात उघड्या फिरवून घ्याव्या लागतात, साखळी सोडवावी लागते, मग पट्टीचे वरचे टोक हुकाच्या तोंडातून हलकेच वर उचलून बाजूला काढावे लागते. पट्ट्या बंद स्थितीत असताना कोणी खाली ओढली तर रनरचा प्लास्टिकचा दांडा मोडतो. तो एक दांडा मोडला की ती पट्टी बाकीच्यांबरोबर फिरत नाही आणि खिडकीत कायमची एक फट राहते. काढलेल्या पट्ट्यांना क्रमांक घालणेही आवश्यक असते, कारण उन्हाने प्रत्येक पट्टीचा रंग वेगवेगळा उतरलेला असतो आणि धुतल्यावर क्रम बदलला तर पूर्ण खिडकी ठिगळ लावल्यासारखी दिसते. वजने काढल्याशिवाय पट्टी पाण्यात घालू नये. वजन लोखंडी असेल तर गंजाचा डाग कापडावर उमटतो, आणि तो पुढे कशानेच जात नाही.

नळीवर गुंडाळला जाणारा कापडी रोलर ब्लाइंड वरवर सगळ्यांत सोपा वाटतो, पण नवख्या माणसाच्या हातून सर्वाधिक वाया जातो तोच. पूर्ण अंधार करणाऱ्या रोलरच्या कापडाला मागून अॅक्रिलिकच्या फेसाचा थर दिलेला असतो. ब्रशने घासले की तो थर जागोजागी उडतो आणि उजेडात धरल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे चमकू लागतात. असे कापड मऊ, किंचित ओल्या फडक्याने वरून खाली एकाच दिशेने पुसावे, आणि पुसून झाल्यावर पूर्ण उलगडून वाळू द्यावे. घाईने ओलाच रोलर गुंडाळून ठेवला की कडा वळतात, आत बुरशी धरते, आणि ग्राहकाला दोष दिसतो तो महिन्याभराने. लाकडी पट्ट्यांना पाणी लागले तर त्या फुगतात आणि वाकतात, म्हणून तिथे कोरडे फडके आणि मऊ ब्रशचा व्हॅक्यूम एवढेच चालते. बांबूच्या चिकांचेही तेच. त्या झटकाव्यात, धुऊ नयेत. मोटारीवर चालणाऱ्या ब्लाइंडला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी, आणि मोटार बसवलेली नळी कधीही पाण्याजवळ नेऊ नये.

अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन ब्लाइंड हा या व्यवसायाचा खरा कणा आहे. पाच फूट उंचीच्या खिडकीला 25 मिलिमीटरच्या साधारण 70 पट्ट्या येतात, म्हणजे दोन्ही बाजू धरून 140 पृष्ठभाग एकेक करून पुसावे लागतात, तेही शिडीसारख्या विणलेल्या दोऱ्यांतून बोटे घालून. यासाठीच अल्ट्रासॉनिक टाकी वापरली जाते. टाकीच्या तळाशी किंवा बाजूंना बसवलेली उपकरणे सेकंदाला सुमारे 40 हजार कंपने निर्माण करतात. पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि दोऱ्यांच्या गाठींतली, पट्टीच्या भोकांतली चिकट धूळही सुटते. घासावे लागत नाही, त्यामुळे रंगावर ओरखडे येत नाहीत. टाकी महाग असते, परंतु तिच्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते तिच्यात काय घालायचे हे. अॅल्युमिनियमला तीव्र अल्कली चालत नाही आणि आम्लही चालत नाही. सौम्य, उदासीन, म्हणजे या दोन्ही गुणांचा नसलेला, साबणच हवा. एका कार्यालयात सफाई कामगारांना घाई करून शौचालय साफ करण्याचे आम्ल या पट्ट्यांवर फवारायला लावले होते. मी तिथे पोहोचलो तेव्हा पट्ट्यांचा रंग पांढुरक्या पापुद्र्याने उडालेला होता आणि दोऱ्या हाताने तुटत होत्या. त्या कामगारांचा यात काहीच दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट ही की असे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. बुरशी दिसली की ब्लीच आणि डाग दिसला की आम्ल, ही सवय जिथे आहे तिथे हा अपघात कधीही घडू शकतो.

जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांबद्दलही एक सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 1996 मध्ये असा इशारा दिला होता की आयात केलेल्या काही व्हिनाइल मिनी ब्लाइंड्समध्ये शिसे मिसळलेले आहे आणि ऊन व उष्णतेने प्लास्टिक झिजले की शिसेयुक्त धूळ पट्ट्यांवर जमते. लहान मुले असलेल्या घरांतून ते काढून टाकावेत, असा त्या आयोगाचा सल्ला होता. आपल्याकडच्या जुन्या घरांत लटकणारी प्रत्येक वस्तू तशीच आहे असे मी म्हणत नाही. परंतु हाताला पांढरी भुकटी लागणारे, उन्हाने कडक झालेले प्लास्टिकचे ब्लाइंड झटकून साफ करू नयेत, आणि ग्राहकाला ते बदलण्याचा सल्ला प्रामाणिकपणे द्यावा. त्यात आपले एक काम जाते, हे मान्य करूनच.

जे हा व्यवसाय सुरू करू पाहतात त्यांना माझे सांगणे असे, की पहिले वर्ष टाकीशिवाय काढावे. चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम, मऊ ब्रशाची टोके, सुती आणि मायक्रोफायबरची फडकी, पट्ट्या टांगून वाळवायला दोऱ्या किंवा पाइप आणि वर छप्पर असलेली हवेशीर जागा, सुटे रनर, साखळ्या, वजने आणि शिडीदोऱ्या एवढे सामान पुरेसे होते. वाळवण्याची जागा सर्वांत आधी शोधावी, कारण धुण्याला एक तास लागतो आणि पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर सुकल्यावर अॅल्युमिनियमवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात कमी क्षारांच्या पाण्याने मारावा. दुरुस्ती हातात असणे फार उपयोगी पडते. तुटलेला रनर बदलून, सैल झालेली साखळी ओवून दिली की ग्राहक पुन्हा बोलावतोच. नुसती धूळ काढणाऱ्याला तो विसरतो. काम हाती घेताना प्रत्येक खिडकीचे छायाचित्र काढावे, आधीचे डाग आणि मोडतोड लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी. दर चौरस फुटावर सांगण्याची पद्धत रूढ आहे, परंतु व्हेनेशियन, रोमन (घड्या पडत वर जाणारा कापडी ब्लाइंड) आणि व्हर्टिकल यांना एकच दर लावणारा माणूस वर्षभरात तोट्यात जातो, कारण तेवढ्याच क्षेत्रफळाला लागणारे श्रम तिपटीने वेगळे असतात.

भांडवलाचा प्रश्न तितका अवघड नाही. मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात 50 हजार रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते. कामगार थोडेच असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना देणे पुरते, आणि सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. कामगारांचा विमा मात्र पहिल्या दिवसापासून काढावा. खिडकीच्या कट्ट्यावर पाय ठेवून काम करू देऊ नये, शिडी कोणीतरी धरल्याशिवाय वर चढू देऊ नये, आणि घरगुती काम संपवून निघताना लोंबणाऱ्या दोऱ्या उंच आकड्यावर गुंडाळून ठेवाव्यात. ब्लाइंडच्या दोरीत मान अडकून लहान मुलांचे मृत्यू जगभर झाले आहेत.

आता काम देणाऱ्या संस्थांविषयी. बँका, रुग्णालये, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये सफाईची निविदा काढतात तेव्हा ब्लाइंड्स ‘इतर सर्व कामे’ या एका ओळीत ढकलले जातात. कंत्राटदाराला त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो ते काम फरशी पुसणाऱ्या बाईच्या अंगावर टाकतो, आणि तिच्या हातात ओले फडके देतो. दोन-तीन वर्षांनी कापड मळकट झाले की सगळे ब्लाइंड्स उतरवून नवे बसवले जातात. पॉलिएस्टर, पीव्हीसी आणि अॅल्युमिनियम एकमेकांत अडकलेला तो ढीग भंगारवालाही नीट घेत नाही. नव्याच्या किमतीच्या तुलनेत धुण्याचा खर्च किती कमी आहे, हे कोणत्याही लेखापालाला एका कागदावर मांडून पाहता येईल. निविदेत ब्लाइंड्सची प्रकारवार संख्या, वर्षातून किती वेळा सफाई हवी आणि मोडलेल्या भागांची दुरुस्ती कोणी करायची, या तीन बाबी स्वतंत्रपणे लिहिल्या तर शहरात अशी दहा-बारा छोटी पथके सहज पोटापाण्याला लागतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

प्रशिक्षणाची सोयही आपल्याकडे नव्याने उभारायला नको. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यात 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. पनवेल, उरण, कर्जत या तालुक्यांतून हजारो मुले-मुली रोज नवी मुंबईत कामाला येतात. त्यांच्यासाठी कापडांची ओळख, रसायनांची सुरक्षितता, ट्रॅक आणि दोऱ्यांची दुरुस्ती एवढा चार-सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम या केंद्रांत किंवा आयटीआयमध्ये घेता येईल. धुणे, वाळवणे आणि दोऱ्या ओवणे हे जमिनीवर बसून, एका छपराखाली होणारे काम असल्याने महिला बचत गटांनाही ते घेता येण्यासारखे आहे. आमच्या व्यवसायातले जुने कारागीर शिकवायला तयार होतील. मी स्वतः तयार आहे, आणि त्यासाठी मानधनाची अट घालणार नाही.

शेवटची विनंती वाचकांना आणि कार्यालयीन व्यवस्थापकांना आहे. दिवाळीच्या आठ दिवस आधी सगळ्यांचे फोन एकदम येतात, हवेतला ओलावा पुरता गेलेला नसतो, आणि मग कारागिराला अर्धओले कापड परत टांगण्याचा आग्रह होतो. ही कामे गणेशोत्सव संपताच नोंदवावीत, आणि धुतलेले ब्लाइंड्स वाळायला पूर्ण दोन दिवस खिडक्या ब्लाइंड्सविना ठेवण्याची तयारी असावी.

आपला विश्वासू,
एक ब्लाइंड कारागीर, नेरूळ, नवी मुंबई