सरळ रेषेतही ड्रायव्हरचा कस लागतो

मा. संपादक,
स. न.

ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीचा, विषय निघाला की 'सरळ तर जायचंय, रेस (ॲक्सिलरेटर) पिळली की झालं. खरा ड्रायव्हर सर्किटवरच दिसतो' हे मत हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. गोव्यात रात्री-बेरात्री हमरस्त्यावर ज्या शर्यती लागतात त्यांच्या मुळाशीही हाच समज आहे, म्हणून हे पत्र.

सर्किटवर, म्हणजे वळणांच्या ट्रॅकवर, कौशल्याचा आवाका मोठा, यात वाद नाही. ब्रेक कुठे दाबायचा, स्टिअरिंग वळेल तसा तो किती हळू सोडायचा, टायर शेवटपर्यंत कसे पुरवायचे, हे सगळं तिथे लागतं. ब्रेक एकदम सोडला की पुढच्या चाकांवरचा भार उतरतो आणि गाडी वळणाबाहेर ओढली जाते. पण ही चूक पुढच्या फेरीत सुधारता येते.

ड्रॅगमध्ये पुढची फेरीच नसते. अंतर ४०२ मीटर, आणि निम्मी शर्यत सुटतानाच ठरते. सुरुवातीच्या रेषेवर चाकाची जागा टिपणारे प्रकाशाचे दोन झोत असतात, त्यांत जेमतेम १८ सेंटिमीटरचं अंतर. पुढचं चाक दुसऱ्या झोतात किती आत न्यायचं हे ड्रायव्हर ठरवतो. कडेलाच थांबला तर घड्याळ सुरू होण्याआधी थोडी धाव फुकट मिळते. खोल गेला तर प्रतिक्रिया चांगली दिसते, पण धावेची वेळ वाढते आणि लाल दिव्याचा, म्हणजे हिरव्याआधीच सुटून बाद होण्याचा, धोकाही. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात. हिरवा दिसेपर्यंत थांबलेला मागे पडलाच; शेवटच्या पिवळ्यावरच सुटावं लागतं, कारण गाडी हलायलाही वेळ लागतो.

धावेचं घड्याळ चाक झोताबाहेर गेल्यावर चालू होतं, हिरव्या दिव्यावर नाही. म्हणून ०.०५ सेकंदाची प्रतिक्रिया देऊन १२.२० सेकंदांत धावणारा, ०.२० ची प्रतिक्रिया देऊन १२.१० मध्ये धावणाऱ्याला हरवतो. वेगवान गाडी हरते आणि जिंकतो तो ड्रायव्हर!

मोटरसायकलवर तर क्लचच सगळं ठरवतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कमी धरला तर इंजिन बसतं. क्लच झटक्याने सोडला तर पुढचं चाक उठतं किंवा मागचं जागीच फिरतं. चाक उठलं म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तर धाव गेलीच. छाती टाकीवर दाबून, रेस किंचित कमी करून, क्लच दोन बोटांनी क्षणभर ओढून धरायचा असतो, तेही पहिल्या वीस मीटरांत.

यातलं काहीही पुलावर किंवा बायपासवर शिकता येत नाही. तिथे झोत नाहीत, घड्याळ नाही, रस्त्यावर वाळू आणि डिझेल सांडलेलं, समोरून कोणीही येणार. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

पोलिसांनी धाडी जरूर घालाव्यात. पण क्रीडा खात्याने राष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या नियमांखाली वर्षातून काही रविवार तरी बंद पट्टा द्यावा. वेळमापन यंत्रणा, झाडून स्वच्छ केलेल्या दोन लेन, दोन्ही बाजूंना अडथळे, प्रेक्षक लांब, रुग्णवाहिका जागेवर हजर, आणि ४०२ मीटरनंतर थांबायला किमान तेवढाच मोकळा रस्ता. शेवटची अट सगळ्यात आधी तपासावी. जागा निवडताना तीच राहून जाते.

आपला,
एक वाचक, फोंडा