जर्नलमधलं अंतर्निरीक्षण आणि मेथीचे लाडू

प्रिय ओंकार,

काल रात्री तू तो मानसशास्त्रातल्या विचारपंथांच्या तक्त्याचा फोटो पाठवलास ना, पाच रकाने, रचनावाद कार्यवाद वर्तनवाद समष्टिवाद मनोविश्लेषण, आणि खाली "आई हे पाठच होत नाहीये", तेव्हा लगेच फोन करणार होते पण तुझ्या बाबांच्या बातम्या फुल आवाजात चालू होत्या, म्हणून मग लिहायला बसले. लांबेल जरा, मेसमध्ये जेवताना वाच.

खरं सांगू का, मीही एस.वाय.ला असाच तक्ता केला होता आणि पेपरच्या दुसऱ्या दिवशी विसरले. लक्षात राहिलं ते भलतंच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये शेवटी शेवटी एक मथळा असतो बघ, "प्रयुक्ताचा अंतर्निरीक्षण अहवाल". म्हणजे ज्याच्यावर प्रयोग झाला त्याने आपल्या मनात काय चाललं होतं ते स्वतःच बघून लिहायचं. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग झाला की त्याखाली आम्ही सगळ्याजणी एकच लिहायचो, सुरुवातीला अवघड वाटले, नंतर सराव झाला, प्रयोग करताना मजा आली. मजा कसली डोंबलाची, माझी पेन्सिल सारखी उलटीकडे पळत होती आणि मला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्हीही तेच लिहीत असणार, खोटं बोलू नकोस.

तर तो मथळा म्हणजेच तुझा पहिला रकाना, रचनावाद, तोही असाच स्वतःच्या मनात बघून चालायचा. १८७९ साली जर्मनीत लिपझिगला वुंटनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली हे तर तुला झोपेतही येत असेल. त्यांच्याकडे हार्वर्डचे म्युन्स्टरबर्ग शिकले, म्युन्स्टरबर्गकडे आपले नरेंद्रनाथ सेनगुप्ता, आणि त्यांनी १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. म्हणजे ते जर्नल तुझ्या हातात यायला लिपझिगहून किती लांबचा वळसा पडला असेल विचार कर.

पण एक गोष्ट, तक्त्यात तू "रचनावाद - वुंट" लिहिलंयस ते खोड. सगळ्या गाईडांत तसंच असतं, पण तो टिचनरचा. हा इंग्रज माणूस, वुंटकडे डॉक्टरेट करून १८९२ ला अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. वुंटचं म्हणणं होतं की भाषा, चालीरीती, खरा विचार हे असलं काही प्रयोगशाळेत सापडणार नाही, त्यासाठी त्यांनी वेगळे दहा खंड लिहिले. टिचनरला मात्र वाटायचं की रसायनवाले जसे पदार्थाचे घटक काढतात तसे मनाचेही निघतील. आणि काढले की त्यांनी! नुसत्या डोळ्यांच्या संवेदना ३२,८२० आणि कानांच्या ११,६००, सगळी बेरीज ४४ हजारांच्या वर. चवी मात्र चारच. मेथीच्या लाडवांचा डबा समोर घेऊन बसलेय म्हणून सांगते, टिचनरच्या लॅबमध्ये तू "मेथीचा लाडू" म्हणालास की चूक, तपकिरी म्हणायचं, कडू म्हणायचं, मग गोड, खरखरीत, दाताखाली कडक. लाडू हे वस्तूचं नाव झालं, संवेदना नव्हे. ह्या चुकीला त्यांनी नावही ठेवलं होतं, उद्दीपक-दोष, हे दोन मार्कांना येतं.

मला ह्या माणसाचा रागही येतो. १९०४ मध्ये प्रयोग करणाऱ्यांचं एक मंडळ काढलं आणि त्यात बायकांना बंदी, कारण काय तर सिगार ओढत मोकळेपणी बोलता आलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे ह्यांचीच पहिली पीएच.डी. विद्यार्थिनी मार्गारेट वॉशबर्न, १८९४, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई! मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन वर्षानुवर्षं त्यांच्याशी ह्यावरून भांडल्या पण पठ्ठ्या हलला नाही. १९२७ ला टिचनर गेले, १९२९ ला वॉशबर्न आत आल्या.

आता मुख्य भांडण, हे नीट वाच कारण इथे तक्ता सुटतो. वुंटचेच दुसरे शिष्य क्युल्पे, जर्मनीतच व्युर्झबर्गला. तिथे लोकांना दोन वजनं उचलायला देऊन जड कुठलं विचारायचे. लोक बरोबर सांगायचे पण कसं ठरवलं विचारलं तर मनात काहीच नव्हतं म्हणायचे, ना चित्र ना संवेदना, उत्तर आपोआप आलं. म्हणजे घटकांशिवायचा विचार! टिचनर म्हणाले छे, तुमच्या माणसांना निरीक्षण जमत नाही, आमच्यांना बारीक संवेदना दिसतात. व्युर्झबर्गवाले म्हणाले आमच्यांना दिसत नाहीत. आता कोणाचं खरं? दुसऱ्याच्या डोक्यात डोकावणार कोण? आम्ही "मजा आली" लिहायचो तेही सरांना कुठे तपासता यायचं.

ह्याच दुखऱ्या जागेवर वॉटसननी १९१३ ला बोट ठेवलं. प्रयोग फसला की यंत्राला नाही, निरीक्षकाला दोष देता, हे कसलं शास्त्र, मन बिन सोडा आणि वर्तन मोजा, हा तुझा वर्तनवाद. मुद्दा बिनतोड आहे. पण १९२० चा तो छोट्या अल्बर्टचा प्रयोग वाचून मी पुस्तक मिटलं होतं, तेव्हा तू दहा महिन्यांचा होतास. अकरा महिन्यांचं पोर, पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. भीती बसवली आणि काढलीच नाही. रडणं मोजता येतं म्हणून झालं का?

विल्यम जेम्सना तर हा घटकांचा हिशोबच कंटाळवाणा वाटायचा. मन वाहतं, त्याचे तुकडे काय करता, ते माणसाला जगायला कशाला उपयोगी पडतं ते बघा, हा तुझा कार्यवाद. त्यांच्या मानसशास्त्राच्या पुस्तकाला बारा वर्षं लागली, १८९० ला हस्तलिखित प्रकाशकाला पाठवताना स्वतःच लिहिलं की हे जलोदर झाल्यासारखं फुगलेलं बाड आहे आणि मी नालायक आहे. तुझं असाइनमेंट लेट झालं की हे आठव.

आणि समष्टिवादवाले वेर्थायमर, तुकडे नको, अख्खं बघा म्हणणारे, माझे लाडके. १९१० ला सुट्टीवर निघाले, ट्रेनमध्ये काहीतरी सुचलं म्हणून फ्रँकफुर्टलाच उतरले आणि दुकानातून फिरत्या चित्रांचं खेळणं घेतलं. पुढे प्रयोगात दोन रेघा एकामागून एक दाखवल्या, मध्ये साधारण ६० मिलिसेकंद, तर बघणाऱ्याला एकच रेघ सरकताना दिसते. मधलं अंतर वाढवलं तर दोन वेगळ्या, कमी केलं तर दोन्ही एकदम. सरकणं हे कुठल्या रेघेत आहे? कुठल्याच नाही. टिचनरच्या ४४ हजारांत ते कुठे बसवणार? समष्टिवादाचं उत्तर इथूनच सुरू कर, व्याख्येपासून नको.

मनोविश्लेषणवाला फ्रॉइड तू स्वतःहून वाचशील, सगळेच वाचतात, आणि नको तेवढं वाचतात.

तर रकाने नकोत, भांडणं लिहून काढ, कोण कोणाच्या कुठल्या वाक्यावर चिडलं ते. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला त्या मथळ्याखाली एकदा खरं लिहून बघ, मार्क गेले तर जाऊ देत. तसंही मी रोज फोनवर कसा आहेस विचारते आणि तू "ठीक" म्हणतोस, आता मी वॉटसनसारखी तू किती जेवलास तेच विचारणार.

लाडू उद्याच्या बसने पाठवतेय, शेजारच्या काकू स्वारगेटला उतरतील, सहाला हजर राहा. कडू लागतील, मेथी जास्त घातलीये, रूममेटलाही दे. स्टीलचा डबा परत आण, गेल्या वेळचा अजून आला नाहीये.

तुझी,
आई