'सर्व काही समाविष्ट' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की इंदूरच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत काश्मीर-हिमाचलच्या जोडीला हल्ली क्रूझही दिसते, आणि तिच्याखाली 'सर्व काही समाविष्ट' हे तीन शब्द ठळक टायपात असतात. गेल्या वर्षी याच तीन शब्दांवर विसंबून मी व सौ. सिंगापूरहून निघून पेनांग व फुकेत करून परतणाऱ्या चार रात्रींच्या सफरीवर गेलो. सफर आवडली, पुन्हा जाण्याचीही तयारी आहे. परंतु जे आम्हाला जहाजावर चढल्यानंतर कळले, ते इथल्या वाचकांना पैसे भरण्यापूर्वी कळावे म्हणून हा पत्रप्रपंच.

भाड्यात खोली, मुख्य भोजनगृहातले व बुफेतले जेवण, नाट्यगृहातले कार्यक्रम आणि पोहण्याचे तलाव एवढे येते. मद्य तर सोडाच, साधे शीतपेय, खास उपाहारगृहांतले जेवण, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे सहसा निराळे. रोख कोणी घेत नाही. चढताना मिळालेले कार्डच खोलीची किल्ली असते आणि तेच उधारीचे खाते, त्यामुळे खर्च होतो आहे हे हाताला जाणवतच नाही. या सगळ्यावर रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची बक्षिसी. निवृत्त माणसाला ग्रॅच्युइटी म्हणजे मिळणारी रक्कम ठाऊक, इथे ती द्यावी लागते. अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर ती माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर पडते, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे दीडशे डॉलरच्या आसपास. परत आल्यावर आमच्या एजंटाला विचारले तर तो म्हणाला, "वो तो सबको पता रहता है, अंकल."

सर्वांत स्वस्त खोली आतली असते, म्हणजे तिला खिडकी नसते. हे कागदावर वाचले होते, पण त्याचा अर्थ पहिल्या रात्री उमगला. सौ.ला जाग आली, सकाळ झाली असे समजून तिने अंघोळ केली, स्तोत्र म्हटले, साडी नेसून दार उघडले, तर लांबच लांब मार्गिकेत चिटपाखरू नाही आणि घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे. आमच्या खोलीतल्या टीव्हीवर जहाजाच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, कॅमेरा दाखवणारी एक वाहिनी होती. पुढच्या रात्रींत ती आवाज बंद करून चालू ठेवली, तीच आमची खिडकी. ज्यांना बोट लागण्याची भीती वाटते, त्यांनी मात्र खिडकीपेक्षा खोलीची जागा पाहावी. खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले पाहून पाहुणे माना वर करतात. 2024 मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाला वीस मजले आहेत, लांबी 365 मीटर आणि पूर्ण भरल्यावर साडेसात हजारांहून अधिक प्रवासी. आमचे जहाज एवढे अजस्र नव्हते, तरी नाश्त्याला जाऊन येणे म्हणजे एक फेरफटकाच होई. गुडघे दुखत असतील तर लिफ्टजवळची खोली मागून घ्यावी. शाकाहारी, जैन किंवा बिनकांदा-लसणाचे जेवण हवे असल्यास तेही आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावे. आमची चहाची विजेची किटली तपासणीत काढून घेतली गेली व बिल्ला देऊन शेवटच्या दिवशी परत मिळाली. आगीच्या भीतीने इस्त्री आणि किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही.

सुरुवातीची सुरक्षा कवायत टाळण्याकडे आपल्या मंडळींचा कल दिसला, म्हणून थोडे अधिक लिहितो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसे बुडाली, त्याच्या आठवणी मराठी घरांत अजून निघतात. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून 32 जण गेले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. 2015 पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक आहे. सात आखूड भोंगे आणि एक लांब, एवढी धोक्याची खूण ध्यानात ठेवायची आणि नेमून दिलेली जागा पाहून यायची. तेवढ्या वेळात आईस्क्रीम संपत नाही.

फुकेतला जहाज पाटोंगच्या उपसागरात नांगर टाकून थांबले आणि लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेले. थायलंडचे घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे असते, आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत होते. किनाऱ्याला लागताच मोबाइलने आपणहून वेळ बदलली. परतीची शेवटची होडी सहाची होती आणि मोबाइलमध्ये पाच वाजले होते, तेव्हा खरोखर सहा झालेले होते. माझे जुने मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर होते म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो. सुरतेचे एक कुटुंब धापा टाकत अगदी अखेरीस आले. स्वतःच्या सोयीने बाहेर पडलेल्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही. त्याच कारणाने इंदूरहून मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी एक दिवस आधीच सिंगापूर गाठावे. अवंतिका एक्स्प्रेस किंवा विमान उशिरा आले म्हणून बंदरावर कोणी सवलत देत नाही. सिंगापूरला दोनदा प्रवेश करावा लागतो, तेव्हा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहावे.

सहल कंपन्यांनी जाहिरात जरूर करावी, पण आरक्षणाच्या वेळी वगळलेल्या खर्चांची यादी, अंदाजे रकमांसह, मराठीत किंवा हिंदीत हाती द्यावी, आणि वाचकांनी ती मिळाल्याखेरीज पैसे भरू नयेत. आमच्या एजंटाला मी तशी यादी स्वतःच करून दिली. ती त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. जाहिरात मात्र अजून तीच आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर