‘शेषन हवेत’ म्हणण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एसआयआर’, गोव्यात सुरू झाल्यापासून निवडणूक आयोगाची चर्चा देवळाच्या पारापासून मामलेदार कचेरीच्या रांगेपर्यंत सर्वत्र ऐकू येते, आणि ती फिरून फिरून एकाच वाक्यावर येऊन थांबते : आज टी. एन. शेषन हवे होते. निवृत्त शिक्षक या नात्याने अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केलेल्या मला शेषन यांच्याविषयी आदरच आहे. तरीही या वाक्यात मुख्य निवडणूक आयुक्त या पदाविषयीचा एक मोठा गैरसमज दडलेला आहे, असे मला वाटते.

शेषन डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ या काळात त्या पदावर होते. नवा कायदा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता; संविधानाच्या अनुच्छेद ३२४ ने आयोगाला दिलेले आणि तोवर संकोचाने वापरले जाणारे अधिकार त्यांनी निःसंकोचपणे वापरले, एवढेच. परंतु १ ऑक्टोबर १९९३ रोजी सरकारने त्यांच्या जोडीला आणखी दोन आयुक्त नेमले. शेषन न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. मुख्य आयुक्त हे आयोगाचे अध्यक्ष असले तरी इतर दोघांचे वरिष्ठ नाहीत, एकमत न झाल्यास निर्णय बहुमताने होईल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे उद्या शेषन यांच्या ताकदीचा माणूस आला तरी त्याचे मत तिघांतले एकच असेल. हे योग्यच झाले असे माझे मत आहे, कारण करारी माणूस नेहमी आपल्याला हव्या त्याच बाजूने करारी असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

या पदाचे खरे काम गर्जनेपेक्षा यादीत अधिक दिसते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी असा पेच आला होता की लाखो स्त्रियांनी स्वतःचे नावच सांगितले नव्हते. यादीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी होत्या. सेन यांनी त्या स्वीकारल्या नाहीत आणि नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद वगळली गेली. निर्णय कठोर होता, त्या स्त्रियांचे ते मत बुडाले हेही खरे. पण मतदार ही स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती आहे, हे त्यामुळे पहिल्याच निवडणुकीत ठरून गेले. आपल्याकडे आज यादीचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला माणूस आपल्या वाड्यावर कितीही जुना असला तरी कायद्याने मतदार राहू शकत नाही. त्याच वेळी कागद वेळेत न मिळाल्यामुळे वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या एखाद्या म्हातारीचे नावही जाता कामा नये. या दोन टोकांमधली रेघ घरोघरी फिरणारा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ओढतो, पण ती कोठे ओढायची याचा नियम दिल्लीतील तीन माणसे ठरवतात. ती कोणी निवडली, हा प्रश्न म्हणूनच दूरचा नाही.

डॉ. आंबेडकरांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत हीच चिंता बोलून दाखवली होती. कार्यकाळ कितीही सुरक्षित केला तरी मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या अंगठ्याखाली राहणारा माणूस नेमला जाऊ नये यासाठी तरतूदच नसेल तर त्या सुरक्षिततेचा काय उपयोग, असा त्यांचा मुद्दा होता. संविधानाने ती तरतूद संसदेच्या कायद्यावर सोपवली आणि तो कायदा व्हायला त्र्याहत्तर वर्षे लागली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने शिफारस करावी असे सांगितले; त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेला केंद्रीय मंत्री आणून बसवला. तिघांपैकी दोघे सरकारचेच असतील तर तिसऱ्याचे मत नोंदवण्यापुरतेच उरते. अशा समितीतून नेमला गेलेला प्रत्येक माणूस वाईटच असेल असे मी म्हणत नाही. तो चांगला असला तरी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाईल, हे अधिक वाईट आहे.

या बाबतीत गोव्याला बोलण्याचा विशेष अधिकार आहे. आपल्या सरकारने राज्याच्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता आणि पालिका निवडणुकांतील प्रभाग आरक्षणाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा १२ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने या व्यवस्थेला संविधानाची थट्टा ठरवले. राज्य निवडणूक आयुक्त सरकारपासून स्वतंत्रच असला पाहिजे, असा दंडक त्या निकालाने घातला. पंचायती आणि पालिकांच्या निवडणुका घेणारा राज्य आयोग आणि लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग ही दोन वेगळी घरे आहेत, आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. पण पणजीच्या आयुक्ताला जी कसोटी लावली ती दिल्लीच्या आयुक्ताच्या निवडीला लावू नये, याचे कारण मला सापडत नाही.

आणखी एक असमतोल चर्चेत क्वचितच येतो. मुख्य आयुक्तांना दूर करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड प्रक्रिया आहे. इतर दोन आयुक्तांना मात्र मुख्य आयुक्तांच्या शिफारशीवरून दूर करता येते. मत समान आणि संरक्षण असमान, अशा स्थितीत असहमती दाखवायला मोठे धाडस लागते. २०१९ मध्ये तेव्हाचे निवडणूक आयुक्त अशोक लवासा यांनी आचारसंहितेच्या काही प्रकरणांत वेगळे मत दिले; ते आदेशांत यावे ही त्यांची मागणी मान्य झाली नाही, फाइलीत नोंद ठेवण्यावर भागवले गेले. न्यायाधीशाचे विरोधी मत आपण वाचू शकतो, मग आयुक्ताचे का नाही?

माझे वडील १९६७ च्या जनमत कौलात फुलाच्या, म्हणजे गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या, बाजूचे होते. निवडणूक आयोगाने घेतलेल्या त्या कौलात दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूला, १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. घरात चार दिवस सुतक असल्यासारखे होते, पण मोजणी खोटी आहे असे वडील एकदाही म्हणाले नाहीत. कौलापूर्वी भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, म्हणजे कौल घेणाऱ्यांच्या डोक्यावर एका बाजूचे सरकार बसलेले नव्हते, हे ते आवर्जून सांगत.

गोव्यातून लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन खासदार आहेत. नियुक्ती समितीत सरन्यायाधीश असावेत की नाही, इतर दोन आयुक्तांना मुख्य आयुक्तांइतकेच संरक्षण मिळावे की नाही आणि आयुक्तांचे विरोधी मत प्रसिद्ध व्हावे की नाही, हे तीन प्रश्न आपण त्या तिघांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे, किंवा उत्तर आले नाही तर तसे, याच पानावर छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा