आत्ता नको, मे महिन्यात या

मिनियापोलिस,
९ जानेवारी

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही लिहिलेल्या पानांचे फोटो धाकट्याने पाठवले, ते सावकाश वाचले. जानेवारीअखेरचे तिकीट काढू का, असे तुम्ही विचारले आहे आणि आईने समासात ‘नाही म्हणू नकोस’ असे लिहिले आहे. फोनवर हा विषय निघाला की आपण तिघेही एकदम बोलू लागतो, म्हणून सविस्तर लिहिते. आत्ता येऊ नका, मे महिन्यात या, एवढेच माझे म्हणणे आहे. पण कारणे नीट सांगितल्याशिवाय ते तुम्हाला पटायचे नाही. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरही, उजवे कोपर अंगाला टेकवून ठेवले तर बोटे की-बोर्डवर चालवायला थेरपिस्टची हरकत नाही, त्यामुळे हे पत्र मीच लिहिते आहे, कोणाकडून लिहवून घेतलेले नाही.

आधी आईच्या मनातला गोंधळ दूर करते. आई, तुझा खांदा आखडला होता तेव्हा डॉक्टरांनी तुला हात हलवत राहायला सांगितले होते, भिंतीवर बोटे चढवायला लावली होती, म्हणून तू मलाही प्रत्येक फोनवर तेच सांगतेस. तुझे दुखणे वेगळे होते. तुझ्या खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण सुजून आकसले होते, मधुमेह असणाऱ्यांना ते अधिक होते, आणि त्यावर हळूहळू हालचाल वाढवणे हाच उपाय असतो. माझे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटले होते. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे जे चार स्नायू आहेत, त्यांपैकी सर्वांत वरच्या स्नायूचे टेंडन हाडापासून सुटले होते. दुर्बिणीने आत जाऊन, दंडाच्या हाडात छोटे अँकर बसवून, त्यांच्या दोऱ्यांनी ते पुन्हा जागेवर शिवले आहे. ते हाडाला धरेपर्यंत मी स्वतःच्या ताकदीने हात उचलायचा नाही, कारण उचलला तर ताण थेट त्या टाक्यांवर येतो. खांदा अगदीच आखडू नये म्हणून पुढे वाकून हात सैल लोंबकळत ठेवायचा आणि अंगाच्या झोक्याने त्याला गोल फिरू द्यायचे, किंवा थेरपिस्टने तो हातात धरून हलवायचा, एवढीच हालचाल सध्या चालते. थोडक्यात, तुला जे पथ्य होते त्याच्या बरोबर उलटे मला आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी फोनवर माझा आवाज घोगरा ऐकून मी रडते आहे असे तुम्हाला वाटले होते. तसे नव्हते. हात बधिर करण्यासाठी मानेच्या बाजूला इंजेक्शन देतात, ते औषध कधीकधी स्वरयंत्राच्या नसेपर्यंत पसरते आणि आवाज काही तास बसतो. हात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा पडून होता.

ऐन थंडीत हे का काढले, असे बाबांनी विचारले आहे. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरताना मी कठडा धरला तेव्हापासून खांदा दुखत होता. उन्हाळाभर व्यायाम करून पाहिले, रात्रीचे दुखणे थांबले नाही. शिवाय इथल्या विम्यात वर्षाचा ठरावीक खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात, आणि आमच्या पॉलिसीत तो एक जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आमचा तो डिसेंबरच्या आधीच भरून झाला होता. शस्त्रक्रियेचा मुहूर्त पंचांगाने नव्हे तर विमा कंपनीच्या वर्षाने काढला, असे म्हणा हवे तर.

आता दिवस कसा जातो ते सांगते. रात्र आधी सांगायला हवी, कारण सर्वांत अवघड तीच असते. आडवे झाले की खांदा ठणकतो, म्हणून दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत अर्धवट बसूनच झोपते. कोपराखाली उशी अशी ठेवायची की मान न वळवता आपले कोपर आपल्याला दिसले पाहिजे. दिसेनासे झाले की हात मागे गेला आणि टेंडनवर ताण आला असे समजायचे. हात अडकवून ठेवलेली झोळी झोपेतही काढायची नाही. तिला पोटाच्या बाजूने एक जाड उशी जोडलेली असते, त्यामुळे कूस बदलणे हा प्रकारच उरत नाही. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, हे तुमच्यापासून लपवत नाही. आता सलग चार तास झोप लागते.

सकाळी कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो सर्वांत शेवटी काढायचा, हा नियम घरात सर्वांचा पाठ झाला आहे. डोक्यावरून घालायचे सारे कपडे बाजूला पडले आहेत. तुमच्या जावयांचे पुढे बटणे असलेले शर्ट मी घालते आणि ते ऑफिसला जाताना इस्त्रीचा शर्ट शोधत फिरतात. वेणी घालणे मात्र त्यांना काही केल्या जमले नाही. ते काम नातवाने उचलले. त्याची वेणी तिरकी होते, पण संध्याकाळपर्यंत टिकते. आपल्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे हे तुम्हाला आठवत असेल. वर जाताना तो डाव्या हाताला येतो, उतरताना उजव्या, म्हणून मी खाली येताना पाठमोरी उतरते. बघणाऱ्याला विचित्र वाटते, पण थेरपिस्टला ते पसंत आहे.

जेवण डाव्या हाताने, चमच्याने. आई, तुला ते आवडणार नाही, पण पर्याय नाही. खिचडी, वरणभात, थालीपीठ तोडून दिले तर थालीपीठ, असा क्रम चालू आहे. पोळ्या भारतीय किराणा दुकानातल्या तयार आणतो, कारण जावयांनी मळलेल्या कणकेबद्दल न लिहिणेच बरे. तू पाठवलेले डिंकाचे लाडू रोज खाते. डिंकाने टेंडन जुळते का हे सर्जनना विचारायचे धाडस केले नाही. भरपूर प्रथिने खा असे ते म्हणाले, त्यात लाडवातले बदाम बसवून टाकले. संक्रांतीला तिळाच्या वड्या हे दोघे करणार आहेत, मी पाक गोळीबंद झाला की नाही हे सांगण्यापुरती शेजारी उभी राहणार आहे.

बाहेर पडणे हा वेगळाच खटाटोप आहे. या आठवड्यात पहाटेचे तापमान उणे वीसच्या आसपास आहे. झोळीवरून कोट घातला तर उजवी बाही रिकामी लोंबते आणि चेन लागत नाही, म्हणून जावयांचा सर्वांत ढगळ कोट वरून पांघरते आणि त्यावर तुमची सोलापुरी चादर गुंडाळते. बुटांच्या नाड्या एका हाताने बांधता येत नाहीत, त्यामुळे नुसते पाय सरकवायचे बूट घेतले आहेत आणि त्यांच्या तळाला खिळ्यांचे रबरी पट्टे लावले आहेत. थंडीने टाके बिघडत नाहीत, ती भीती मनातून काढून टाका. भीती आहे ती पडण्याची. घसरताना माणूस विचार न करता हात पुढे टाकतो, आणि तेवढ्याने सगळी शिवण उसवू शकते. इथल्या नियमाप्रमाणे बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांत घरापुढचा पदपथ आपणच साफ करायचा असतो; ते काम यंदा बापलेकांकडे आहे. झोळी आहे तोवर मला गाडी चालवायची नाही, म्हणून थेरपीला शेजारीण नेऊन आणते.

आणि हो, इतक्या थंडीतही मी खांद्यावर बर्फच ठेवत होते, हे ऐकून आई हबकली होती. सूज आणि ठणका यांवर पहिल्या दिवसांत गार शेकच लागतो. आता व्यायामाआधी गरम पाण्याने अंघोळ करते, म्हणजे तुझा गरम शेकही सुरू झाला असे समज.

आता मुख्य गोष्ट. दुखणे बरेच कमी झाले आहे, आणि सध्याचा धोका तोच आहे. ठणका थांबतो तेव्हा टेंडन नुकते कुठे हाडाला धरू लागलेले असते. पक्के धरायला साधारण बारा आठवडे लागतात. पुढच्या आठवड्यात झोळी सुटेल, मग हात स्वतःहून उचलायला शिकायचे, मार्चमध्ये ताकदीचे व्यायाम सुरू व्हायचे, आणि जड उचलायची परवानगी त्याहून पुढे. या काळात तुम्ही घरात असलात, आई वरच्या फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहिली, तर मी बसून राहीन असे तुम्हाला वाटते का? तुमची बॅग विमानतळावर कोण उचलू पाहील? मी स्वतःला ओळखते. या दोघांकडून निर्लज्जपणे सेवा करून घेता येते, तुमच्याकडून मला ती करून घेता येणार नाही.

शिवाय बाबा, तुमचा दमा. बाहेरची हवा इतकी गार की श्वास घेताना छातीत बोचते, आणि घरातली हीटरमुळे इतकी कोरडी की नाकातून रक्त येते. मुंबईहून इथे थेट विमान नाही, वाटेत उतरून दुसरे धरावे लागते आणि सगळा प्रवास वीस तासांच्या वर जातो. तुमच्यासाठी काढायच्या प्रवासी विम्यात आधीपासून असलेले आजार बहुधा धरत नाहीत, म्हणजे दमा बळावला तर खर्चाचा विचार करून तुम्हीच तो अंगावर काढाल. तुमची आठवण येत नाही असे नाही. रात्री तीन वाजता त्या खुर्चीत बसले की आईने नुसते शेजारी येऊन बसावे असे फार वाटते. तेव्हा मी सातारची वेळ मोजते आणि तुम्ही दुपारच्या चहाला बसला असाल म्हणून फोन लावते. ते चालू राहू द्या.

मे महिन्यात तळ्यांवरचा बर्फ गेलेला असतो, तुम्हाला सकाळ-संध्याकाळ फिरता येईल आणि मलाही कणीक मळता येत असेल अशी आशा आहे. बाबा, दोघांचे पासपोर्ट किती दिवस चालतील ते पाहून कळवा. आईचा नूतनीकरणाला आला असावा असे वाटते. तो अर्ज आत्ताच करा, तिकिटे मी इथून काढीन. आईचा साखरेचा नवा रिपोर्ट धाकट्याला पाठवायला सांगा, तो तीन फोनवर टाळला गेला आहे.

कळावे,
तुमची थोरली