एकाच नवमीचे दोघे

वडोदरा,
चैत्र शुद्ध दशमी

प्रिय मिलिंद,

गुजरातेत रामनवमी कशी असते, असं तू मागे विचारलं होतंस. काल ती झाली, तेव्हा आज निवांत बसून लिहितो.

इथे ती दोनदा होते बघ. दुपारी बाराला रामाचा पाळणा, अगदी आपल्यासारखा. आणि रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी स्वामीनारायणांचा, म्हणजे इथल्या स्वामीनारायण संप्रदायाच्या संस्थापकांचा पाळणा, तीच हरिजयंती. आमच्या सोसायटीतली बरीच मंडळी दिवसभराचा उपास धरून रात्रीच्या आरतीला निघतात. मी पडलो सातारकर. मनात आलं, आपल्याकडेही याच दिवशी आणखी एक जन्म झालाय की! पण समर्थ रामदासांचा पाळणा आपण कधी वेगळा हलवला?

समर्थांचा जन्म जांबेत, शके १५३० म्हणजे १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीचा. स्वामीनारायणांचा संवत १८३७ म्हणजे १७८१ सालचा, नवमी तीच, गाव अयोध्येकडचं छपैया. मधे १७३ वर्षं. इंग्रजी तारखा घेऊन बसलास तर हे जुळणारच नाही. आता हीच तिथी २०२४ साली १७ एप्रिलला होती, २०२५ साली ६ एप्रिलला. त्यासाठी पंचांगच उघडायला हवं.

मग दोघांची चरित्रं शेजारी ठेवून वाचत बसलो. समर्थ बाराव्या वर्षी आसनगावच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळाले, हे तुला मी काय सांगणार, तुझ्या आईनेच ते आपल्याला इतक्यांदा सांगितलंय! इकडे घनश्याम (हे स्वामीनारायणांचं लहानपणचं नाव) आईवडील गेल्यावर अकराव्या वर्षी, १७९२ साली, घराबाहेर पडला. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं तप केलं आणि पुढची बारा वर्षं सगळा देश पायाखाली घातला. घनश्यामचा झाला नीलकंठ वर्णी, आणि तो सात वर्षं हिंडला. हिमालय, जगन्नाथपुरी, रामेश्वर, आणि संप्रदायाच्या चरित्रांनुसार आपलं पंढरपूर आणि नाशिकसुद्धा. १७९९ साली सौराष्ट्रातल्या लोज गावी रामानंद स्वामींच्या आश्रमात पोचला आणि तिथून पुढे गुजरातेचाच झाला.

इथपर्यंत वाचताना वाटतं की एकच गोष्ट दोनदा लिहिलीय. संतचरित्रं लिहिणाऱ्यांचा हात त्या वळणावर बसलेलाच असतो म्हणा, मुलगा घरातून निसटल्याशिवाय त्यांचं पान उलटत नाही. पण पुढे दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात. समर्थ चोवीस वर्षांनी जांबेला आईला भेटायला गेले. ती आंधळी झालेली, आणि त्यांचा हात फिरताच तिला दिसू लागलं, अशी कथा आहे. भेटले, आणि परत कृष्णाकाठी आले. घर काही मागे लावून घेतलं नाही. स्वामीनारायण छपैयाला परतलेच नाहीत, उलट त्यांच्या भावांची कुटुंबं गुजरातेत आली. १८२६ साली त्यांनी आपले दोन पुतणे दत्तक घेऊन एकाला अहमदाबादची आणि दुसऱ्याला वडतालची गादी दिली. त्याच साली वडतालला २१२ श्लोकांची शिक्षापत्री लिहिली. देवळं, गाद्या, आचारधर्म, सगळं हयातीतच घालून दिलं, आणि १८३० साली गढड्याला देह ठेवला. वय अवघं एकोणपन्नास! व्यवस्था लावण्याच्या बाबतीत हा माणूस अफाट होता. समर्थांनीही मठ गावोगाव उभे केले, पण पुतण्याला गादी हा विचार त्यांच्या डोक्यात येईल, असं मला तरी वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. जन्मतिथी एक असून एकाचा पाळणा वेगळा आणि दुसऱ्याचा का नाही? मला वाटतं, भक्त त्यांच्याकडे काय म्हणून बघतात त्यावर सगळं आहे. स्वामीनारायण त्यांच्या संप्रदायाला साक्षात भगवंत आहेत. मग त्यांना स्वतःची वेळ हवीच, आणि ती रात्रीची असल्यामुळे दुपारच्या रामाशी तिची कुठे टक्करही होत नाही. समर्थांचा जन्म मात्र परंपरा भर दुपारी, रामजन्माच्याच घटकेला सांगते. तिथे रामापुढे दुसरा पाळणा कोण बांधणार? त्यात चाफळचं राममंदिर उभारलं ते समर्थांनीच, शके १५७० मध्ये, आणि तिथली रामनवमी गाजवली तीही त्यांनीच. स्वतःच्या जन्माच्या दिवशी हा माणूस दुसऱ्याच्या जन्माची तयारी करत राहिला. म्हणूनच बहुधा संप्रदायाने त्यांच्यासाठी पुण्यतिथी धरली, माघ वद्य नवमी. सज्जनगडाची खरी गर्दी दासनवमीची, चैत्रातली नव्हे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

जाता जाता शिर्डीचं सांगतो. साईबाबांची जन्मतिथी कोणालाच ठाऊक नाही. तरी तिथला उरूस १८९७ साली सुरू झाला तो रामनवमीलाच, आणि पुढे त्यात रामजन्मही आला. या तिथीला फक्त जन्मलेलीच माणसं चिकटतात असं नाही.

इथल्या काही मराठी मंडळींना मी म्हटलं, रामनवमीला दुपारी दासबोधाचा एक समास तरी वाचू या. त्यावर एक आजोबा म्हणाले, "समर्थांना ते चालणार नाही, आज रामाचा दिवस." मला पटलंही आणि नाहीही. तू चाफळला जातोस दर वर्षी. जन्माच्या कीर्तनात बुवा समर्थांच्या जन्माचा उल्लेख करतात का रे? केला तर सुंठवडा वाटायच्या आधी की नंतर? नीट आठवून कळव.

आईला नमस्कार सांग. आंबे पाठवणार असशील तर या खेपेला कच्चेच पाठव, वाटेत पिकतात.

तुझा,
श्रीधर