आमची फाईल आम्हालाच का दाखवत नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीचा विमा संपायला महिना राहिला की अनोळखी नंबरवरून फोन सुरू होतात आणि समोरची मुलगी गाडीचा नंबर, मॉडेल, विमा कधी संपतोय ते सगळं घडाघडा सांगते, हे आपल्या वाचकांना काही नवीन नाही. आपण वैतागतो, नंबर ब्लॉक करतो, झालं. ही माहिती जाते कशी म्हणाल तर शोरूम, एजंट, गॅरेज सगळीकडेच गळती आहे, पण सरकारनेही काही कमी केलेलं नाही. वाहन आणि सारथी हे जे आरटीओचे डेटाबेस आहेत त्यातला डेटा पैसे घेऊन द्यायचं चक्क धोरणच होतं, २०१९ मध्ये गडकरींनी संसदेत सांगितलं होतं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना अ‍ॅक्सेस दिला आणि त्यातून ६५ कोटी मिळाले. २०२० मध्ये ते धोरण गुंडाळलं, पण दिलेला डेटा थोडाच परत येतो.

फोनचं सोडा, तो किरकोळ त्रास. मला लिहायचंय ते हेल्थ इन्शुरन्सबद्दल, म्हणजे विमा कंपन्या आपल्या आजारांच्या ज्या नोंदी ठेवतात त्यांच्याबद्दल.

आमच्या शेजारचे एक काका छातीत दुखतंय म्हणून अ‍ॅडमिट झाले. रात्रीची वेळ, ड्युटीवर शिकाऊ डॉक्टर, त्याने हिस्टरी लिहून घेतली आणि केस पेपरवर लिहिलं की बीपी पाच वर्षांपासून. खरं तर बीपी निघालं होतं पाच महिन्यांपूर्वी आणि पॉलिसी त्याच्या आधीची. झालं, डिस्चार्जच्या दिवशी टीपीएकडून (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) मेल, आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर, वर पॉलिसीही रद्द. फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं, हॉस्पिटलने चूक झाल्याचं पत्र दिलं, कंपनीचं म्हणणं हे सगळं नंतर बनवून आणलेलं. पुढची गंमत म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे गेले तर फॉर्मवर प्रश्न असतोच, याआधी कुठल्या कंपनीने पॉलिसी नाकारली किंवा रद्द केली आहे का. काकांनी खरं ते लिहिलं, तिथेही नकार. एका पोराने घाईत लिहिलेला एक शब्द, आणि माणूस साठीत विम्याशिवाय.

आता हे सगळं एका कंपनीच्या कपाटात राहत नाही. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो सुरू केला, हैदराबादला आहे, सगळ्या कंपन्यांनी आपल्या पॉलिसी आणि क्लेमचा डेटा तिथे द्यायचा असतो. असा डेटाबेस नकोच असं मी म्हणत नाही बरं का. खोटी बिलं लावून क्लेम उकळणारे आहेत, त्यांचा भुर्दंड आपल्याच प्रीमियममध्ये येतो. आणि अपघात करून गाडी पळाली तरी नंबरवरून तिचा विमा कुठल्या कंपनीचा ते या ब्युरोकडून शोधता येतं, गरीब माणसाला थर्ड पार्टी भरपाईसाठी ते फार मोलाचं आहे.

पण कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलचं बघा. बँकेने आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वर्षातून एकदा फुकट बघता येतं, चूक असेल तर तक्रार करता येते, आणि ३० दिवसांत निकाल लावला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांची एमआयबी नावाची संस्था १९०२ पासून लोकांच्या आजारांच्या नोंदी ठेवते, तिथेसुद्धा माणसाला स्वतःची फाईल वर्षातून एकदा फुकट मागवता येते. मग कर्जाच्या हप्त्याला जो न्याय तो आपल्या बीपी-शुगरला का नाही? आपल्याकडे क्लेम नाकारला की पुण्या-मुंबईच्या विमा लोकपालाकडे जा, तिथे एका कंपनीविरुद्धचा एक क्लेम सुटेलही, पण ती नोंद कुठे कुठे पोचली ते कोण सांगणार.

वर सुरक्षेच्या नावाने बोंब. २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांचे मेडिकल रिपोर्ट टेलिग्रामवर चॅटबॉटला विचारले की मिळत होते. म्हणजे चोराला दिसतं ते मालकाला नाही.

डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिने मुदत. स्वतःची माहिती बघायचा आणि दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात आहे खरा, पण विम्याच्या बाबतीत तो चालणार कसा, अर्ज कंपनीकडे करायचा की टीपीएकडे की ब्युरोकडे, हे इर्डाने साध्या मराठीत सांगावं आणि सिबिलसारखी मुदत आणि दंड लावावा. तोपर्यंत वाचकांनी एवढं तरी करा, पेशंटबरोबर असाल तर अ‍ॅडमिट करतानाच हिस्टरीत काय लिहिलंय ते वाचून घ्या, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून डॉक्टरची सही घ्या, डिस्चार्ज कार्ड आल्यावर फार उशीर झालेला असतो.

आणि संपादक साहेब, आपल्या एखाद्या बातमीदाराला विमा कंपन्यांकडे पाठवून विचाराच की ग्राहकाने आपली फाईल मागितली तर देता का. उत्तर काय येतं ते छापा.

– एक पॉलिसीधारक, सातारा